आपलं पारंपरिक ज्ञान कायद्याने कसं राखायचं: सोलापूर जिल्ह्यातल्या कारागीर, शेतकरी आणि वैदूंसाठी

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात 'प्राडा' या फॅशन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पायताणं आपल्या नव्या संग्रहात दाखवली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. त्या गदारोळात एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, आणि महाराष्ट्राच्या चारांत आपलं सोलापूर आहे. मुंबई उच्च न्यायालयात या प्रकरणी जनहित याचिका दाखल झाली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली, कारण याचिका करणारे त्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. मालकी आहे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे.

म्हणजे कायदा आधी एवढंच विचारतो: बोलणारा कोण, आणि कागदावर त्याचं नाव आहे का? आपल्या जिल्ह्यात घोंगडी विणणारे सनगर आहेत, मालदांडी ज्वारी जपणारे मंगळवेढ्याचे शेतकरी आहेत, पाल्याची आणि मुळ्यांची पारख असलेले वैदू आहेत. यांच्यापैकी बहुतेकांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. ते कसं आणायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं, हे इथे सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण यातल्या काही गोष्टी एकदा चुकल्या की दुरुस्त होत नाहीत.

पहिलं काम: कशाला काय लागू पडतं ते ओळखा

"आमच्या ज्ञानाचं पेटंट घ्यायचं आहे," अशी मागणी सगळ्यात जास्त ऐकू येते. तेच होत नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(पी) प्रमाणे पारंपरिक ज्ञान, किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांचे माहीत असलेले गुणधर्म नुसते एकत्र मांडणं, याला भारतात पेटंट मिळत नाही. हे कलम आपल्या विरोधात वाटतं, पण ते आपल्या बाजूचं आहे. तुम्हाला मिळत नाही तसं दुसऱ्यालाही मिळत नाही.

मग काय मिळतं? गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने माल ओळखला जात असेल, तर जीआय. पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बियाणं असेल, तर २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. वनस्पती, त्यांचे उपयोग आणि औषधं असतील, तर २००२ चा जैवविविधता कायदा. नवी नक्षी असेल, तर २००० चा डिझाइन कायदा. त्यात संरक्षण १० वर्षांचं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण नक्षी खरंच नवी हवी आणि नोंदणीआधी कुठेही प्रसिद्ध झालेली नको. आजीच्या काळापासून चालत आलेली नक्षी त्यात बसत नाही, आणि प्रदर्शनात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आधी फोटो टाकलेली नवी नक्षीही हातची जाऊ शकते. कारागिरांच्या गटाला स्वतःची एक खूण हवी असेल, तर ट्रेड मार्क कायद्यात सामूहिक चिन्हाची सोय आहे. जीआयपेक्षा ते लवकर होतं, आणि लहान गटाने सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

खिलार बैल आणि पंढरपुरी म्हैस या जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहे. त्या नोंदीने कुणाला मक्तेदारी मिळत नाही, पण ही जात या भूभागातल्या पशुपालकांनी घडवली याचा सरकारी पुरावा तयार होतो.

दुसरं काम: गावात बसून ठरवा

या पायरीवर मी मुद्दाम जास्त वेळ घालवायला सांगेन. अर्ज कुठला हे नंतर बघू. आधी ज्यांचं ज्ञान आहे त्या सगळ्यांना एका ठिकाणी बसवा.

घोंगडीचंच बघा. मेंढरं राखणारे आणि लोकर कातरणारे धनगर. सूत कातणारे हात बहुतेक वेळा घरातल्या बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे. चिंचोक्याची खळ शिजवून ताण्याला लावणारे आणि खड्डा मागावर विणणारे सनगर. उद्या "सोलापूर जिल्ह्यातली घोंगडी" म्हणून अर्ज करायचा झाला आणि संस्था फक्त विणकरांची निघाली, तर सूत कातणाऱ्या बाईचं नाव कुठेच येत नाही. ती बैठकीला आली नाही म्हणून तिचं ज्ञान कमी ठरत नाही, पण कागद तिला ओळखत नाही. बियाण्याचंही तसंच. सातबारा पुरुषाच्या नावावर आणि कणसं निवडून, राखेत घोळून ठेवणारी घरातली बाई. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी २०२० सालची पद्मश्री मिळाली, तेव्हा हे काम कुणाचं असतं ते देशाला दिसलं. तुमच्या गावच्या कागदावरही ते दिसू द्या.

बैठकीत तीन गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहा. काय सगळ्यांना सांगायचं, काय फक्त समाजात ठेवायचं आणि काय एखाद्या घराचं गुपित आहे. बाहेरच्या माणसाला माहिती द्यायची तर परवानगी कोण देणार, एकटा माणूस की समिती. पैसे आले तर ते कुणाकडे जमा होणार. सह्या, अंगठे, तारीख. शक्य असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तो उपयोगी पडतो.

घरगुती गुपिताबद्दल वेगळं सांगायला हवं. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. गुपित राहतं ते न सांगितल्यामुळे, आणि सांगावंच लागलं तर आधी लेखी करार केल्यामुळे. हाड बसवण्याचा लेप घरात चार पिढ्या असेल, तर त्यातली वनस्पती सांगा, प्रमाण सांगू नका. भिडेखातर सगळं सांगून टाकणारे वैदू मी पाहिले आहेत. पाहुण्याला चहा द्या, जेवायला घाला, कृती देऊ नका.

तिसरं काम: लिहून काढा, पण विचाराने

तोंडी ज्ञानाची अडचण अशी की ते खरं असूनही सिद्ध करता येत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून काढण्याच्या उपायावर पेटंट मिळालं होतं. आपल्याकडे प्रत्येक घरात हळद दाबून रक्त थांबवतात. पण ते रद्द करायला डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरला, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला, जुने छापील आणि लिखित संदर्भ मांडावे लागले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कडुनिंबाच्या बुरशीनाशकावरचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द ठरलं आणि २००५ मध्ये अपिलातही ते रद्दच राहिलं.

या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. त्यातल्या नोंदी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आहेत, म्हणजे त्या त्या देशातल्या पेटंट तपासनिसाला त्या वाचता येतात. पण त्याचा गाभा आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांतल्या ज्ञानाचा आहे. सांगोल्याच्या माळरानावरचा मेंढपाळ मेंढीच्या पोटफुगीवर काय देतो, ते त्यात सापडणार नाही. ते तुम्हालाच लिहावं लागेल.

त्यासाठी कायद्यातली जागा आहे लोक जैवविविधता नोंदवही. प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते आणि नोंदवही तयार करायची असते. ग्रामपंचायतीत जाऊन दोन प्रश्न विचारा: समितीवर कोण आहे, आणि नोंदवही दाखवा. अनेक ठिकाणी समिती कागदावरच असते आणि नोंदवहीत शेजारच्या गावाचाच मजकूर उतरवलेला असतो. तसं दिसलं तर ग्रामसभेत विषय घ्या, जाणकार माणसं समितीवर आणा आणि वही नव्याने भरा.

नोंद करताना वनस्पतीचं गावातलं नाव, कानडी किंवा तेलुगू बोलणारी घरं असतील तर त्यांच्याकडचं नाव, कुठे आणि कोणत्या महिन्यात सापडते, कोणता भाग वापरतात, हे लिहा. शास्त्रीय नाव स्वतः अंदाजाने लिहू नका. महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून नमुना ओळखून घ्या. चुकीच्या शास्त्रीय नावाची नोंद पुढे पुरावा म्हणून फुकट जाते. सांगणाऱ्याचं नाव त्याची संमती असेल तरच लिहा. आणि जे गोपनीय ठेवायचं ठरलं आहे ते वहीत घालू नका. 'अमुक घराकडे पोटदुखीवर उपचार आहे, तपशील संमतीशिवाय देऊ नये' एवढी ओळ पुरते.

बियाणं: मालदांडीला दोन कागद लागतात

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मिळाला. त्यामुळे 'मंगळवेढा ज्वारी' हे नाव राखलं जातं. पण ते धान्याचं नाव आहे. बियाण्यावरचा हक्क त्यात येत नाही. एम ३५-१ हे राज्यभर पेरलं गेलेलं रब्बीचं वाण मालदांडीतूनच निवडलेलं, मोहोळच्या संशोधन केंद्राचं. शेतकऱ्यांनी शतकं जपलेल्या बियाण्यातून संशोधनाने काय मिळतं त्याचं हे चांगलं उदाहरण आहे. मात्र अशा निवडीत मूळ जपणाऱ्याचं नाव राहावं यासाठी त्या काळी कायदा नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ दूरवर पसरला, पण त्या पसरण्यातून त्यांच्या हाती फारसं काही आलं नाही. २०१८ मध्ये ते गेले.

आता सोय आहे. शेतकरी वाण म्हणून नोंदणीसाठी एकटा शेतकरी, गट किंवा गाव अर्ज करू शकतं. अर्ज पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणाकडे जातो, शेतकऱ्याला नोंदणी फी नाही. नव्या वाणाला लागतं तसं नावीन्य सिद्ध करावं लागत नाही. वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता तपासली जाते. अर्जासोबत जैवविविधता समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांच्यापैकी एकाची शिफारस जोडायची असते. दुसऱ्या पायरीवरचा ठराव इथे कामाला येतो. बियाण्याचा नमुनाही द्यावा लागतो, म्हणून अर्जाआधी एक हंगाम वेगळ्या वाफ्यात शुद्ध बियाणं धरा. त्या पिकासाठी नोंदणी खुली आहे का, हे कृषी विज्ञान केंद्रातून आधी विचारून घ्या.

नोंदणी झाली तर शेतपिकांना १५ वर्षांचं आणि झाडं-वेलींना १८ वर्षांचं संरक्षण मिळतं. नोंदणी केली नाही तरी कलम ३९ तुमच्या बाजूला आहेच: बियाणं राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बियाणं मात्र ब्रँडच्या पिशवीत भरून विकता येत नाही.

जीआय: खरी मेहनत अर्जाच्या मजकुरात

सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल यांना जीआय मिळून बरीच वर्षं झाली. सोलापूर डाळिंबालाही आहे. तरीही परराज्यात बनलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून बाजारात सर्रास विकल्या जातात. नोंदणीनंतर काय करायचं याचा विचार कमी पडला, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. म्हणून अर्ज करण्याआधी शेवटापर्यंतची वाट नजरेत असू द्या.

सगळ्यात आधी चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्या मालाचं नाव शोधा. नोंदणी झालेली असेल किंवा अर्ज पडलेला असेल, तर नवा अर्ज करायचा नसतो. त्यात सामील व्हायचं असतं. काहीच नसेल तर उत्पादकांची संस्था लागते. एकट्या माणसाला किंवा एकट्या कंपनीला जीआय मिळत नाही.

अर्जात मालाचं वर्णन, भौगोलिक सीमा आणि नकाशा, बनवण्याची पद्धत, त्या जागेशी मालाचं नातं, इतिहासाचा पुरावा आणि दर्जा तपासणारी यंत्रणा हे सगळं मांडायचं असतं. इतिहासासाठी १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजकालीन गॅझेटियर काढा. इथल्या धंद्यांची त्यात तपशीलवार नोंद आहे. जुनी बिलं, बाजार समितीच्या पावत्या, जत्रेतल्या दुकानांच्या नोंदी, लग्नाच्या याद्या, सगळं जमवा.

आणि पद्धत लिहिताना ढिलाई करू नका. घोंगडीच्या अर्जात 'लोकरीचं सूत' एवढंच लिहिलंत, तर गिरणीतलं सूत आणि यंत्रमागावरची घोंगडीही उद्या त्याच नावाने अधिकृतपणे विकली जाईल. 'दख्खनी मेंढीची लोकर, हाताने कातलेलं सूत, चिंचोक्याची खळ, खड्डा माग' असं लिहिलंत, तर चारही कामं करणारे हात राखले जातात. अर्थात जे लिहाल ते पाळता आलं पाहिजे. कुणीच करत नाही अशी अट घालून उपयोग नाही. या मजकुरावर महिना गेला तरी चालेल, कारण तुमचं संरक्षण किती घट्ट हे त्यावरच ठरतं.

अर्जाची छाननी होते, तज्ज्ञांच्या गटापुढे मांडणी करावी लागते, मग जीआय जर्नलमध्ये प्रसिद्धी होते. त्यानंतर हरकतीला तीन महिने मिळतात, फार तर एक महिना वाढतो. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, कारण पदाधिकारी बदलतात.

यापुढची पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. नोंदणी संस्थेच्या नावावर असते, पण प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करून घ्यायची असते. ती झाली की तो जीआयचं चिन्ह लावू शकतो आणि नक्कल करणाऱ्याविरुद्ध स्वतः कायद्याचं दार ठोठावू शकतो. संस्थेने शिबिर लावून एकाच दिवशी सगळ्यांचे अर्ज भरून घ्यावेत. अर्जदाराला इंग्रजी येत नसेल तर शेजारी बसून भरून द्यावेत.

एक लक्षात ठेवा: जीआय नाव राखतो, आकार किंवा नक्षी नाही. कुणी तुमच्यासारखी वस्तू बनवून तिला वेगळंच नाव दिलं, तर जीआयचा दावा कमकुवत पडतो.

कुणी पेटंट घेऊ पाहत असेल तर

पेटंट अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट कार्यालयाचं शोध पान मोफत आहे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, इंग्रजी नाव आणि आपलं स्थानिक नाव टाकून वर्षातून दोनदा शोध घ्या. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने हे काम विद्यार्थ्यांकडे सोपवलं, तर फार मोठी मदत होईल.

संशयास्पद अर्ज सापडला तर पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही लेखी विरोध नोंदवू शकतो. कलम २५(१)(के) आपल्यासाठी सोन्यासारखं आहे. स्थानिक समाजात उपलब्ध असलेलं ज्ञान, मग ते तोंडी असलं तरी, विरोधाचं कारण म्हणून त्यात मान्य आहे. जैविक साहित्य कुठून आणलं हे अर्जात लपवलं असेल, तर तेही वेगळं कारण आहे. जाणत्या माणसांची प्रतिज्ञापत्रं, तारीख असलेली नोंदवहीची पानं, जुनी पुस्तकं जोडा. २०२४ च्या नियमांनंतर अशा विरोधाला फी लागते आणि प्राथमिक छाननी होते, त्यामुळे पेटंटच्या वकिलाकडून मसुदा बघून घ्या. मंजुरीनंतरही, ती प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत, हितसंबंध असलेली व्यक्ती विरोध करू शकते.

संशोधक किंवा कंपनी दारात आली तर

नकार द्यायलाच हवा असं नाही. केरळमधल्या काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, तिथल्या वनस्पती उद्यान संस्थेने त्यातून 'जीवनी' हे औषध बनवलं, आणि परवाना शुल्क व स्वामित्वधनाचा निम्मा वाटा काणी समाजाच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं. ट्रस्ट १९९७ मध्ये स्थापन झाला. लाभवाटपाचं जगभर सांगितलं जाणारं हे उदाहरण आहे.

तुमच्याकडे आलेल्या माणसाकडून मराठीत लेखी घ्या: संस्था कोणती, पैसे कोण देतं, माहितीचं काय होणार, प्रसिद्ध करणार का, पेटंट घेणार का, रेकॉर्डिंग कुठे राहणार. परदेशी व्यक्ती किंवा कंपनी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. भारतीय कंपनीला व्यापारी वापरासाठी नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. प्राधिकरण आणि मंडळ या दोघांनीही गावाच्या जैवविविधता समितीचं मत घ्यायचं असतं. तुमची समिती जिवंत असेल तरच ते मत घेतलं जाईल.

कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिने ग्रंथात संहिताबद्ध असलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट दिली. ही सूट मला पटत नाही. पण गावातलं तोंडी ज्ञान अधिकृत ग्रंथांच्या यादीत येत नाही, त्यामुळे त्यावरचा तुमचा हक्क कायम आहे. गावातले शेतकरी आणि पारंपरिक वैदू यांना स्वतःच्या वापरासाठी कळवण्याची गरज नाही. नियम मोडणाऱ्याला आता तुरुंगाऐवजी १ लाख ते ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

नक्कल सापडली तर

दुकानातून एक नग विकत घ्या, पक्कं बिल घ्या, लेबलचा फोटो काढा. ऑनलाइन असेल तर पान, विक्रेत्याचं नाव आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा आणि आधी त्या संकेतस्थळाकडे नोंदणी क्रमांकासह तक्रार करा. अनेकदा माल तेवढ्यावर उतरवला जातो. नाही उतरला तर वकिलाची नोटीस. खोटा जीआय लावणं हा गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी करू शकतो, पण त्याआधी त्याला जीआय निबंधकाचं मत घ्यावं लागतं. म्हणून तक्रारीसोबतच नोंदणी प्रमाणपत्राची आणि अर्जातल्या वर्णनाची प्रत द्या, वेळ वाचतो.

दिवाणी दाव्यासाठी नकली माल बनवणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. जीआय कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे दावा करणारा जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. माल कुठल्याही राज्यात बनलेला असो, चादरीचा किंवा ज्वारीचा दावा सोलापुरातच चालू शकतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले आणि कमी उत्पन्नाचे उत्पादक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. अर्ज करताना अधिकृत वापरकर्त्याचं प्रमाणपत्र, बिल आणि गावाचा ठराव सोबत न्या.